हलक्या गाडीला कोणते चाक?



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथिक डॉक्टराने मोटारीच्या टायरवर बोलावे, हे निमंत्रणपत्रिका वाचून काहींना नवल वाटले असेल. त्याला माझ्याकडे तीन उत्तरे आहेत. पहिले असे, की आज आपण वापरतो तो हवा भरलेला टायर व्यवहारात आणला तो एका वैद्यानेच. बेलफास्टमध्ये जनावरांची डॉक्टरकी करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला रबराची हवा भरलेली नळी बसवली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांच्याआधी १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हीच कल्पना नोंदवली होती, पण ती तेव्हा रुजली नाही.

दुसरे उत्तर भाषेचे. चाक ही आपल्या भाषेतली जुनी वस्तू आहे. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात, आणि बाहेरून चढवलेल्या लोखंडी पट्टीला ‘धाव’ म्हणतात. टायरला इतका नेमका शब्द आपल्याकडे आधीच होता, तो आपण वापरायचा सोडला.

तिसरे उत्तर घरगुती आहे. आपल्या गावातल्या कितीतरी घरांतली मुले आज इंग्लंडात आहेत. त्यांतल्या माझ्या एका भाच्याने तिथे सुट्या भागांची मोटार विकत घेतली आहे आणि तो ती शनिवार-रविवारी घराशेजारच्या गॅरेजात स्वतः जोडतो आहे. त्याने फोनवर विचारले, ‘‘मामा, चाके कोणती घालू? दुकानदार सतरा इंची दाखवतो, दिसायलाही झकास आहेत.’’ मला गाड्यांचे वेड कॉलेजपासून आहे हे त्याला ठाऊक होते. त्याला मी जे हळूहळू समजावून सांगितले, तेच आज जरा नीट मांडून सांगणार आहे. यात नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. ओल्या रस्त्यावर गाडी ताब्यात राहणार की नाही, याचाही आहे.

गाडी कोणती?

सुट्या भागांच्या मोटारीला तिकडे ‘किट कार’ म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘लोटस सेव्हन’. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेल्या कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ साली बाजारात आणली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांपुरती जागा, दरवाजे नाहीत, छप्पर असले तर कापडाचे. पुढची चाके उघडी, त्यांवर सायकलसारखे मडगार्ड. चॅपमन यांचा सारा भर वजन कमी करण्यावर होता. गाडी हलकी असेल तर लहान इंजिन पुरते, लहान ब्रेक पुरतात, आणि वळणावर ती चपळ राहते, हे त्यांचे सूत्र.

ती सुटी विकण्यामागे करांचा हिशेब होता. त्या काळी ब्रिटनमध्ये पूर्ण तयार गाडीवर खरेदी कर लागे. सुटे भाग घेऊन घरी जोडली तर तो वाचे. १९७३ साली तिथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटस कंपनीने सेव्हनचे हक्क सरे परगण्यातल्या ‘केटरहॅम कार्स’ला दिले. तेव्हापासून केटरहॅम ती गाडी बनवते आहे, आणि आजही हवी असेल त्याला सुट्या भागांत देते. त्याच घाटाच्या गाड्या इतर कितीतरी लहान कारखाने बनवतात. काही जण ‘माझदा एमएक्स-५’ या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे इंजिन, हब आणि ब्रेक काढून नव्या सांगाड्यात बसवतात.

या सगळ्या गाड्यांचे वजन साधारण ५०० ते ६५० किलो. आपल्या ओळखीची तुलना द्यायची तर मारुती ८०० सुमारे ६५० किलोची होती. म्हणजे ही गाडी मारुतीहून हलकी, आणि इंजिन मात्र पुष्कळदा तिच्या दुपटी-तिपटीच्या ताकदीचे. अशा गाडीला चाक निवडायचे आहे, हे पुढचे सगळे ऐकताना ध्यानात असू द्या.

टायरवरचे आकडे

टायरच्या कुशीवर लिहिलेले आकडे बहुतेकांना डॉक्टरांच्या अक्षरासारखे वाटतात, पण ते त्याहून पुष्कळ सोपे आहेत. समजा लिहिले आहे ‘१८५/६० आर १३ ८० एच’. पहिला आकडा टायरची रुंदी, १८५ मिलिमीटर. दुसरा आकडा टायरच्या कुशीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्केवारीत. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. आतले धागे काठापासून काठापर्यंत आडवे टाकण्याची ही पद्धत. तिचे पेटंट मिशेलिन कंपनीने १९४६ साली घेतले. १३ म्हणजे ज्या रिमवर टायर चढतो तिचा व्यास, इंचांत. तीन आकड्यांत तीन वेगवेगळी मापनपद्धती, हे विचित्र खरे, पण जगभर तेच रूढ आहे.

पुढचा ८० हा भाराचा सांकेतिक क्रमांक. ८० म्हणजे एका टायरला ४५० किलो, ७५ म्हणजे ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. शेवटचे अक्षर वेगाचे. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०.

आता हिशेब करा. भाच्याची गाडी ५५० किलोची, त्यात दोन माणसे धरून ७०० किलो. प्रत्येक चाकावर सरासरी १७५ किलो. टायर मात्र ४५० किलो पेलणारा. म्हणजे ताकद कमी पडण्याची भीती नाहीच. अडचण उलटी आहे. हा टायर ज्या गाडीसाठी बनवला, तिच्या निम्म्याहूनही कमी वजन त्याच्यावर पडणार आहे. नेहमीच्या गाडीचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचे मूळ इथे आहे.

बाहेरचा घेर

रिम मोठी म्हणजे चाक मोठे, असे सहसा समजतात. ते बरोबर नाही. चाकाची पूर्ण उंची म्हणजे रिमचा व्यास अधिक टायरची कुस दोनदा. तीन उदाहरणे घेऊ.

१८५/६० आर १३. रिम १३ इंच म्हणजे ३३०.२ मिलिमीटर, कुस १११ दोनदा, एकूण ५५२.

१५५/६५ आर १४. रिम ३५५.६, कुस १००.७५ दोनदा, एकूण ५५७.

१९५/४५ आर १५. रिम ३८१, कुस ८७.७५ दोनदा; एकूण ५५६.५.

रिम तेरा, चौदा, पंधरा इंची, पण बाहेरून तिन्ही चाके जवळजवळ एकाच उंचीची. फरक एवढाच, की लोखंड वा ॲल्युमिनियम वाढले आणि रबर घटले. आता दुकानदाराचे सतरा इंची चाक पाहू. २०५/४० आर १७. रिम ४३१.८, कुस ८२ दोनदा. एकूण जवळजवळ ५९६. पहिल्या चाकापेक्षा हे ४४ मिलिमीटर उंच.

या ४४ मिलिमीटरने तीन गोष्टी बदलतात. गाडी निम्म्याने, म्हणजे २२ मिलिमीटर वर उचलली जाते. मुद्दाम बुटकी बनवलेली गाडी आपण उंच करतो. दुसरे, एका फेऱ्यात चाक सुमारे ८ टक्के जास्त अंतर तोडते, म्हणजे प्रत्येक गिअर ८ टक्क्यांनी लांब होतो आणि उचल तितकी मंदावते. तिसरे, वेगदर्शक खोटे बोलू लागतो. तो जुन्या चाकाच्या मापाने लावलेला असेल, तर काटा १०० दाखवत असताना गाडी १०८ ने धावत असते. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या गाडीची रस्त्यावर येण्यापूर्वी ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ नावाची तपासणी होते. खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवणारा काटा तिथे चालत नाही. म्हणून आधी बाहेरचा घेर ठरवायचा आणि मग त्यात बसणारी रिम शोधायची.

जमिनीवरचा ठसा

आता रुंदीकडे येऊ. टायर रुंद घेतला की रस्त्याला जास्त चिकटतो, ही समजूत फार पक्की आहे. तिच्यात तथ्य आहे, पण हलक्या गाडीत ते थोडे आहे.

टायर जमिनीला टेकतो तिथे त्याचा एक सपाट ठसा पडतो. त्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ठरते ते चाकावरच्या वजनावर आणि आतल्या हवेच्या दाबावर. वजनाला दाबाने भागले की क्षेत्रफळ. आपल्या हलक्या गाडीत चाकावर १७५ किलो. अशा गाड्यांत हवा कमी ठेवतात, सुमारे १८ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.२७ किलो. भागाकार १३८ चौरस सेंटिमीटर. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे पोस्टकार्डाहून थोडा मोठा ठसा. अशा चार ठशांवर गाडी आणि आतली दोन माणसे वळणे घेत असतात.

टायर रुंद केला तर काय होते? वजन तेच, हवा तीच, म्हणून क्षेत्रफळ जवळजवळ तेच राहते. बदलतो तो आकार. ठसा १२ सेंटिमीटर रुंद असेल तर तो साडेअकरा सेंटिमीटर लांब असतो. तोच १८ सेंटिमीटर रुंद केला, तर लांबी पावणेआठवर येते. कोरड्या रस्त्यावर, जोराच्या वळणावर आडवा ठसा बरा पडतो. शर्यतीच्या गाड्यांना रुंद टायर असतात त्याचे हे एक कारण. अर्थात, टायरच्या कुशीचा ताठपणाही थोडे वजन उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण हिशेबाची दिशा तीच राहते.

याला जोडून रबराचा आणखी एक स्वभाव सांगतो. टायरवर वजन दुप्पट केले तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. उलट बाजूने पाहिले तर ज्याच्यावर भार कमी, तो टायर वजनाच्या मानाने जास्त पकड देतो. हलकी गाडी या फायद्याच्या टोकाला आधीच पोहोचलेली असते. तिथून पुढे रुंदी वाढवून मिळणारा लाभ कमी कमी होत जातो.

शिवाय रबराला ऊब लागते. टायर फिरताना दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. त्या मळण्याने तो गरम होतो आणि रबर मऊ पडून रस्त्याला धरते. जड गाडीचा रुंद टायर हलक्या गाडीला लावला, की तो पुरेसा मळलाच जात नाही आणि गार राहतो. इंग्लंडात थंडीत तापमान सात अंशांखाली गेले की साधे उन्हाळी रबर ताठ पडू लागते. अशा सकाळी रुंद टायरची हलकी गाडी पहिल्याच वळणावर घसरू शकते, आणि चालवणारा म्हणतो, ‘‘टायर तर एवढे महागाचे घातले होते!’’

पाणी

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता सांगतो. रस्त्यावर पाणी साचले असेल तर टायरने ते बाजूला सारून जमीन गाठायची असते. वेग वाढला आणि पाणी सारायला वेळ उरला नाही, की टायर पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवले काय आणि ब्रेक दाबला काय, दोन्ही सारखेच. याचा अभ्यास प्रथम विमानांसाठी झाला, कारण ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमाने घसरत. अमेरिकेतल्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ साली एक साधे सूत्र मांडले: तरंगण्याचा वेग हा हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब पौंडांत घेऊन त्याच्या वर्गमुळाला सुमारे साडेसोळाने गुणले, की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो.

नेहमीच्या गाडीत ३२ पौंड हवा. उत्तर येते सुमारे ९४ किलोमीटर. आपल्या हलक्या गाडीत १८ पौंड. उत्तर सुमारे ७०. हे सूत्र विमानाच्या टायरसाठी आणि पाणी भरपूर साचलेल्या धावपट्टीसाठी आहे. चांगल्या खोल खाचांचा मोटारीचा टायर यापेक्षा जास्त वेगापर्यंत जमीन धरून राहतो. पण दोन गाड्यांमधला फरक ध्यानात घ्या. शेजारून जाणारी जड गाडी ज्या वेगाने निर्धास्त जाते, त्या वेगाला हलकी गाडी तरंगू शकते.

‘मग हवा वाढवा’ असे कोणी म्हणेल. हलक्या गाडीत ३२ पौंड हवा भरली तर ठसा आकसतो, टायरचा मधला पट्टाच जमिनीला टेकतो, आणि गाडी खडकावरून चालल्यासारखी उडू लागते. उपाय वेगळा आहे: रुंदी आवरणे. अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो. त्याला समोरचे कमी पाणी सारावे लागते, आणि ठशाच्या पुढच्या भागाने पाणी सारले की मागचा भाग जमीन धरतो. केटरहॅम कंपनीने आपल्या सर्वांत हलक्या गाडीला, म्हणजे सुझुकीचे ६६० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बसवलेल्या गाडीला, १५५/६५ आर १४ असे अरुंद टायर दिले. तिची ताकद ८० अश्वशक्तीच्या आसपास आहे. ज्या कारखान्याला हवे ते टायर घालता आले असते, त्याने १५५ मिलिमीटर पुरे मानले.

खाचांची खोली हाही इथलाच विषय. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. हलक्या गाडीच्या मालकाने ती गाठेपर्यंत थांबू नये.

चाकाचे स्वतःचे वजन

चाक, टायर, हब, ब्रेक हे सारे स्प्रिंगच्या खाली असते. खड्डा आला की हे सगळे वर उसळते, आणि त्याला पुन्हा जमिनीवर दाबायचे काम वरच्या गाडीच्या वजनाचे. वरचे वजन जास्त आणि खालचे कमी असेल तर चाक जमीन सोडत नाही.

समजा हलक्या गाडीच्या एका कोपऱ्यात १७५ पैकी ३० किलो स्प्रिंगच्या खाली आहेत, १४५ वर. प्रमाण एकास जवळजवळ पाच. सतरा इंची चाकाने एका कोपऱ्यात सहा किलो वाढले असे धरा. आता खाली ३६, आणि एकूण तेवढेच राहील असे मानले तर वर १३९. प्रमाण एकास चारपेक्षाही खाली. १४०० किलोच्या गाडीत कोपऱ्याला ३५० किलो असतात. ४५ खाली आणि ३०५ वर, एकास सात. तिथे सहा किलो वाढले तरी प्रमाण एकास सहाच्या आसपास राहते. मोठ्या गाडीला जे चाक खपून जाते, ते लहान गाडीला जड का पडते, ते यावरून कळेल. सहा किलो दोन्हीकडे तेच, पण अंग वेगळे.

दुसरे असे, की चाक पुढेही जाते आणि फिरतेही. टायरच्या बाहेरच्या कडेला असलेला एक किलो, गाडी वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो, कारण त्याला ढकलायचेही असते आणि फिरवायचेही. प्रत्येक चाकाच्या काठाला पाच किलो वाढले तर चार चाकांचे वीस, आणि वेग घेताना जवळजवळ चाळीस. ५५० किलोच्या गाडीत हे सात टक्के झाले. सांगाड्यातून एकेक किलो काढण्यासाठी चॅपमननी डोके झिजवले, आणि चाकाच्या दुकानात आपण एका दुपारी चाळीस घालून येतो.

बसते का?

चाक मापाने योग्य असले तरी ते गाडीला बसले पाहिजे. इथे चार मापे तपासायची.

पहिले, बोल्टांचे वर्तुळ. जुन्या फोर्ड गाड्यांचे हब वापरलेल्या किट कारला आणि केटरहॅमला चार बोल्ट १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. माझदा एमएक्स-५ चे हब असेल तर चार बोल्ट, पण १०० मिलिमीटरवर. आठ मिलिमीटरचा फरक नजरेला कळत नाही, पण चाक बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. दुसरे, मधले भोक. माझदाचे ५४.१, फोर्डचे ६३.४ मिलिमीटर. रिमचे भोक मोठे असेल तर योग्य मापाची कडी घालून ते नेमके मध्यावर आणता येते. तिसरे, नट कसा टेकतो: काहींची बैठक शंकूसारखी तिरपी, काहींची गोल. रिमची आणि नटची बैठक जुळलीच पाहिजे. नाहीतर नट हळूहळू सैल होतात.

चौथे माप म्हणजे ऑफसेट. रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टची बैठक किती आत वा बाहेर आहे, ते यात कळते. रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा असतो. तो चुकला की चाक जास्त बाहेर येते आणि बेअरिंगवर ताण वाढतो, किंवा आत जाऊन सस्पेन्शनच्या दांड्याला घासते. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला तर ब्रिटनच्या तपासणीत गाडी नापास होते.

रिमच्या रुंदीलाही मर्यादा आहेत. १८५/६० टायरला ५ ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते; १९५/५० ला साडेपाच ते सात. आठ इंची रिमवर अरुंद टायर ताणून बसवलेला दिसतो खरा, पण त्याची कुस हवी तशी लवत नाही.

चाक बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, गाडी खाली दाबून पाहायचे. जिथे जागा कमी वाटते तिथे मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवावा. गाडी थोडी चालवून आणली की गोळा किती चेपला ते पाहून उरलेली जागा कळते. तिथले हौशी लोक यासाठी मुलांची खेळण्यातली माती वापरतात. कणीक त्याहून स्वस्त.

मग निवड कशी?

रोगी समोर बसला की आम्ही आधी त्याचे वय, वजन, कामधंदा, झोप, तहान विचारतो. औषधाचे नाव नंतर. भाच्यालाही मी पाच प्रश्न विचारले. गाडी तुझ्यासह किती किलोची? इंजिन किती ताकदीचे? हब कोणत्या गाडीचे? पावसात आणि थंडीत चालवणार का? आणि गाडी वर्षाकाठी किती चालणार?

त्याची उत्तरे अशी. गाडी दोघांसह ७०० किलोंच्या आत. इंजिन एमएक्स-५ चे, सुमारे १२० अश्वशक्तीचे. हब त्याच गाडीचे, म्हणजे १०० मिलिमीटरचे. इंग्लंड असल्यामुळे पाऊस केव्हाही. आणि गाडी फक्त सुट्टीत, वर्षाला हजार-दीड हजार मैल.

यावरून उत्तर जवळजवळ आपोआप निघाले. मूळ एमएक्स-५ गाडी १९८९ साली १४ इंची रिम आणि १८५/६० टायर घेऊन आली, आणि ती गाडी ९५० किलोंच्या आसपासची. तीच चाके या हलक्या गाडीला गरजेपेक्षा जास्त पुरतात, तर याहून मोठे चाक कशाला? १४ इंच, १७५ ते १८५ मिलिमीटर, वजनाला हलकी रिम, हे माझे मत. तेरा इंचीचा मोह मलाही होता, कारण ती आणखी हलकी; पण तेरा इंचीत चांगला टायर मिळणे दिवसेंदिवस कठीण होते आहे, आणि मिळत नाही ते माप कितीही योग्य असले तरी उपयोगाचे नाही. पंधरा इंचीत निवड सर्वांत मोठी. म्हणून १९५/४५ किंवा १९५/५० आर १५ हा दुसरा पर्याय, रिम खरोखर हलकी असेल तर. दोनशेच्या वर अश्वशक्ती असती, तर मागचे टायर रुंद घे म्हणालो असतो, कारण तिथे ताकद जमिनीवर उतरवायची असते. सतरा इंचीला मात्र सरळ नाही.

आणि एक शेवटची सूचना. टायरच्या कुशीवर चार आकड्यांचा एक लहान शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१४२२’ म्हणजे २०२२ सालचा चौदावा आठवडा. वर्षाला हजार मैल चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर वाळलेले असते. अशा गाडीच्या मालकाने खाचेपेक्षा या शिक्क्याकडे जास्त पाहावे.

आपल्याकडे

तुमच्यापैकी कोणी लोटस सेव्हन जोडणार नाही, हे मी जाणून आहे. आपल्याकडे घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणणे सोपे नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. पण हलकी गाडी आपल्या दारातही आहे. बारा-तेरा इंची चाकांच्या लहान गाड्या घेऊन आपण पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जातो. त्या गाडीला ऐटीसाठी रुंद टायर आणि मोठ्या रिम घातलेल्या मी पाहिल्या आहेत. घरातल्या तरुणांना ‘‘असे करू नकोस’’ एवढे म्हणून ते ऐकत नाहीत. मीही त्या वयात ऐकले नसते. म्हणून हिशेब मांडून दाखवला. दरवाजाच्या चौकटीवर कंपनीने टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेली पट्टी चिकटवलेली असते. ते आकडे गाडीचे वजन पाहून ठरवलेले असतात. या पावसाळ्यापूर्वी ती पट्टी एकदा वाचावी, चारही टायरांवरचे वर्षाचे शिक्के पाहावेत, आणि ओल्या रस्त्यावर शेजारच्या मोठ्या गाडीच्या वेगाशी स्पर्धा करू नये, एवढी विनंती करून मी थांबतो.